सोसायटीत जुन्या बॅटऱ्या गोळा करायच्या, तर आधी लेबल लावा

डास मारायची रॅकेट, ट्रिमर, इअरबड यांच्या पोटात बॅटरी आहे हे बऱ्याच घरांत लक्षातच येत नाही. बिघडलं की सगळं सुक्या कचऱ्यात जातं. गाडीत कचरा दाबताना लिथियम बॅटरी चेपली, तर आत शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीची खूण लागते. पण ती नखाएवढी असते, आणि बॅटरी कुठे द्यायची ते सांगत नाही. ते आपण लिहायचं.

पाच बाय तीन सेंटिमीटरचा पिवळा स्टिकर आणि न पुसणारं मार्कर घ्या. तीनच ओळी: ‘आत लिथियम बॅटरी’, ‘कचऱ्यात नको’, ‘गेटजवळच्या बरणीत’. वर पारदर्शक टेप मारा, नाहीतर हाताच्या घामाने शाई जाते. वस्तू चालू असतानाच स्टिकर लावा, चार्जिंगच्या भोकाशेजारी. रोज नजर तिथेच जाते.

प्रकार बॅटरीवर छापलेला असतो. बटण सेलवर ‘सीआर’ म्हणजे ३ व्होल्टचा लिथियम, ‘एलआर’ म्हणजे दीड व्होल्टचा अल्कलाइन. वाचता आलं नाही तर ‘प्रकार माहीत नाही’ असंच लिहा. अंदाजाने लिहू नका: शिशाच्या बॅटऱ्यांच्या मालात लिथियम मिसळलं, तर रिसायकलिंगच्या भट्टीत स्फोट होऊ शकतो.

बरणीत टाकण्याआधी बॅटरीच्या टोकांवर टेप लावायची, पण लोक कंटाळतात. त्यासाठी मीटिंगमध्ये मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) आणा आणि कुणीतरी ‘संपली’ म्हणून टाकलेली नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोजून दाखवा. काटा बऱ्याचदा सातच्या आसपास थांबतो. तिची दोन्ही टोकं एकाच बाजूला, म्हणून एक किल्ली आडवी पडली तरी ती तापते. दोन्ही टोकं झाका. बटण सेलला दोन्ही बाजूंनी टेप हवी. छापलेली अक्षरं मात्र झाकू नका.

बरणी झाकणाची, प्लास्टिकची. पत्र्याचा डबा नको. ती सावलीत, मीटर रूम आणि जिन्यापासून लांब आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. लिथियमचा बटण सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तेव्हा वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.

फुगलेली बॅटरी बरणीत नको. टोचू नका, दाबू नका. कोरड्या वाळूच्या बादलीत घालून उघड्यावर ठेवा आणि नेणाऱ्याला आधी सांगा. इन्व्हर्टरची बॅटरी दुकानदार पैसे देऊन परत घेतो.

माल राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्या. वजनाची पावती मागा आणि ती नोटीस बोर्डावर लावा.