निवेदन द्यायला निघण्याआधी परवान्याचं पान उघडा

गावातल्या शेतीसंरक्षण बंदूकवाल्यांनी, म्हणजे पिकांच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना घेतलेल्यांनी, एकत्र येऊन रानडुकरांच्या त्रासाबद्दल जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं ठरवलं, की पहिल्या बैठकीतला तासभर जातो तो लेटरहेडवर अध्यक्षांचं नाव डावीकडे घ्यायचं की उजवीकडे यात. ते राहू द्या. बैठकीला येताना प्रत्येकाने परवान्याचं पुस्तक आणायचं, असं आदल्या दिवशी फोन करून सांगा आणि चहा यायच्या आधी सगळी पुस्तकं टेबलावर उघडा. मुदतीचं पान बघा. ‘माझा चालू आहे रे’ हे उत्तर घेऊ नका, पान बघा. मागच्या खेपेला आम्ही उकरलेल्या शेतांचे फोटो, सातबारे, वर्तमानपत्रातली कात्रणं असं सगळं नेलं होतं आणि समोरून पहिलाच प्रश्न आला, “तुमच्यापैकी किती जणांचे परवाने आज चालू आहेत?” आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. त्यानंतर रानडुकरांचा विषय निघालाच नाही, आमचाच निघाला.

मुदत मनात मोजू नका, वाचा. परवाना पूर्वी तीन वर्षांचा असायचा. शस्त्र कायद्यातली दुरुस्ती 14 डिसेंबर 2019 पासून लागू झाली आणि तो पाच वर्षांचा झाला. त्यामुळे कोणी जुन्या हिशेबाने घाबरलेला असतो, तर कोणी नव्या हिशेबाने निर्धास्त झोपलेला, आणि पुस्तकात तिसरीच तारीख असते. तारखेच्या दोन-तीन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज गेला पाहिजे, कारण पोलिसांचा अहवाल आणि डॉक्टरचा दाखला काही दोन दिवसांत येत नाहीत. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या आणि ती प्रत पुस्तकातच ठेवा. मुदत संपलीय, अर्जही केलेला नाही आणि बंदूक माळ्यावर आहे, तर कायद्याच्या लेखी ती विनापरवाना बंदूक. 2019 नंतर त्याला किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. ‘शेतकरी माणूस आहे’ हे वाक्य तिथे चालत नाही.

तारखेबरोबर पुस्तकात युआयएन, म्हणजे परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पडलाय का तेही बघा. 29 जून 2020 ही त्याची शेवटची मुदत होती, त्यानंतर बिनक्रमांकाचा परवाना चालत नाही. मग नाव. आमच्याकडे अजून अशी घरं आहेत जिथे बंदूक आजोबांची, परवाना आजोबांचा आणि आजोबांच्या फोटोला हार. परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. वारसाने स्वतःच्या नावावर अर्ज करायचा आणि तोवर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवायची. तशी ठेवली नसेल तर त्या घरातल्या माणसाला शिष्टमंडळात घेऊ नका, आधी त्याला ठाण्यात पाठवा. दोनपेक्षा जास्त बंदुका कोणाकडे असतील तर तोही प्रश्नच. पूर्वी तीन चालायच्या, आता दोनच.

बंदुकीवरचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळतो का, हे घरी बसून बघा. ठासणीच्या जुन्या बंदुकीवर तो मागच्या बाजूला, नळी दस्त्याला मिळते तिथे, तेलाच्या आणि गंजाच्या थराखाली दडलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि बॅटरी आडवी धरा, म्हणजे कोरलेल्या अंकांची सावली पडते. 3 आणि 8 मध्ये घोळ निघाला तर लेखी दुरुस्ती मागा. पेनाने 3 चा 8 करणारे महाभागही मी बघितलेत, तेवढं करू नका. आणि हे सगळं करण्याआधी बार भरलेला नाही ना, गज आत घालून खोली बघा. ठासणीची बंदूक वर्ष-वर्ष भरलेली राहते आणि घरात कोणाला आठवतही नाही.

अभयारण्याच्या जवळ राहत असाल तर एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम 34 प्रमाणे अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वनखात्याकडे नाव नोंदवायचं असतं आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय देता येत नाही. घाटाच्या पायथ्याच्या गावांनी राधानगरी अभयारण्याच्या हद्दीपासूनचं अंतर नकाशावर मोजून बघावं. तिलारी आणि आंबोली-दोडामार्ग ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत, अभयारण्यं नव्हेत. निवेदनात दोन्हींची सरमिसळ केली की समोरचा अधिकारी तिथेच वाचन थांबवतो.

आता मागणी. कोणाकडे काय मागायचं हे ठरवल्याशिवाय एक ओळही टाइप करू नका. परवाना, नूतनीकरण आणि निवडणुकीत बंदूक जमा करणं हे जिल्हाधिकाऱ्यांकडे. जनावर मारायची परवानगी वनखात्याकडे, तीही लेखी आणि कारणासहित. एखाद्या जनावराला ठरावीक भागात ठरावीक काळासाठी उपद्रवी जाहीर करणं, म्हणजे वन्यजीव कायद्याचं कलम 62, हे फक्त केंद्र सरकारकडे. 2015-16 मध्ये बिहारमध्ये रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात शिमल्याची माकडं अशी जाहीर झाली ती दिल्लीहून. तिन्ही मागण्या एकाच कागदावर लिहिल्या तर तो कागद तीन टेबलं फिरतो आणि चौथ्यावर बसतो. तीन कागद करा.

शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना, हा समज आपल्यातल्या निम्म्यांच्या डोक्यात आहे. तो बैठकीतच काढून टाका, साहेबांच्या केबिनमध्ये नको. बार काढून पिटाळणं एक आणि मारणं दुसरं. रानडुक्कर पूर्वी वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट तीनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या तिसऱ्या यादीत होतं. 1 एप्रिल 2023 पासून नवी परिशिष्टं लागू झाली आणि ते दोनमध्ये आलं, त्यामुळे जुनी पुस्तकं बघून कलमं टाकू नका. दोनमधल्या जनावराला उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी मारायची परवानगी मिळू शकते. पहिल्या परिशिष्टातल्या गव्याला, हत्तीला पिकाचं कारण लागूच होत नाही. माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा जनावर बरं न होण्याइतकं जखमी, आजारी असेल, तरच. आणि माकड! 2022 च्या दुरुस्तीत लाल तोंडाचं माकड यादीतून वगळलं, अशी बातमी आपल्याकडे फिरली आणि लोकांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले. वगळलं ते उत्तरेकडचं माकड. आपली केलडी वेगळी, डोक्यावर केसांची टोपी असलेली, आणि ती उलट पहिल्या परिशिष्टात गेली. ‘माकडांना मारायची परवानगी द्या’ हे वाक्य आमच्या जुन्या मसुद्यात होतं. पकडून हलवण्याची मागणी करा, निदान कोणीतरी ऐकून घेईल.

परवानगीने मारलेलं डुक्करही सरकारी मालमत्ता असते. वाटे घालायचे नाहीत. बैठकीत हे सांगितलं की दोन-तीन जणांचा उत्साह कमी होतो. बरंच आहे, गर्दी तेवढी कमी.

कायद्यात शिकार म्हणजे नुसती गोळी नव्हे. हाका घालणं, फासकी लावणं, आमिष टाकणं, यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बंदूकवाल्यांच्या नावाने पेपरात येतं. फासकी लावणारा, गावठी बॉम्ब पेरणारा माणूस आपला कितीही जवळचा असला तरी शिष्टमंडळात नको. वन्यजीव कायद्याखाली शिक्षा झाली तर कोर्ट बंदुकीचा परवाना रद्द करून पाच वर्षं नवा मिळणार नाही असा हुकूम करू शकतं. ज्याच्यावर केस चालू आहे त्यानेही घरीच बसावं. वाईट वाटेल, वाटू दे.

निवडणुकीचा मुद्दा आपला सगळ्यात भक्कम आहे आणि आपण तो सगळ्यात वाईट मांडतो. ‘अन्याय होतो’ असं लिहू नका, तारखा लिहा. विधानसभेचं मतदान 2014 मध्ये 15 ऑक्टोबरला, 2019 मध्ये 21 ऑक्टोबरला, 2024 मध्ये 20 नोव्हेंबरला झालं आणि आचारसंहिता त्याआधी महिनाभर. भात पिकून आडवं होतं ते याच दिवसांत आणि नेमक्या त्याच वेळी बंदुका ठाण्यात. 2024 च्या लोकसभेचं मतदान आपल्याकडे सिंधुदुर्गात 7 मेला होतं, म्हणजे काजू-आंब्याच्या हंगामात. निवडणुकीपुरती कोणाची बंदूक जमा करायची हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. तेव्हा मागणी अशी करा, की शेतीसंरक्षणवाल्यांचा विचार एकगठ्ठा न करता माणसागणिक व्हावा, आणि ज्याच्यावर एकही गुन्हा नाही त्याची बंदूक त्याच्याकडे राहावी. सोबत यादी जोडा: नाव, गाव, परवाना क्रमांक, मुदतीची तारीख. ही तारीख लिहिण्याआधी पुन्हा एकदा पुस्तक उघडा. यादीत एक जरी मेलेला परवाना निघाला तरी बाकीच्यांचं म्हणणं पडतं. आणि हो, बंदूक ठाण्यात असताना मुदत संपली तर ती सोडवताना हवालदार पुस्तकच मागणार, त्यामुळे जमा करायला जातानाही पान बघा. कर्नाटकातल्या कोडगूच्या लोकांना परवान्यातून सूट आहे, हा दाखला कोणीतरी काढतोच. ती त्यांना ब्रिटिश काळापासून चालत आलेली खास सवलत आहे, आपल्याला लागू नाही. सोडून द्या.

पुरावे. नुकसान झालं की तीन दिवसांत वनखात्याला लेखी कळवायचं, पंचनाम्याला वनपाल, कृषी खात्याचा माणूस आणि तलाठी. नवं नाव ग्राम महसूल अधिकारी, पण हाक तलाठी म्हणूनच मारतात. पंचनाम्याची प्रत मागून घ्या. फोटोत खुराचा ठसा आणि शेजारी काडेपेटी, म्हणजे माप कळतं. मेलेल्या जनावराबरोबरचे फोटो मोबाइलमधूनही काढून टाका असं मी म्हणणार नाही, मुळात तसे फोटो असलेला माणूस आणूच नका.

बोलणारे दोघे. एक कायद्याचं बोलेल, एक शेताचं. बाकीच्यांनी गप्प. पुढाऱ्याला न्यायचं तर सोबत न्या, पुढे नको. बंदुका घेऊन कोणी येणार नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण सांगा. प्रती चार, एकीवर शिक्का. भेटीची वेळ आदल्या दिवशी फोनवर पक्की करा, बुधवारी ठरलं आणि साहेब मुंबईला असं होतं.

परवाने बघितले ना सगळ्यांचे? ज्याने पुस्तक आणलंच नाही त्याचं नाव खोडा.

परत आल्यावर त्याच संध्याकाळी कोण काय म्हणालं ते लिहून काढा. महिनाभरात उत्तर नाही आलं तर आवक क्रमांक घालून स्मरणपत्र, नंतर माहितीचा अधिकार. नूतनीकरणाचे अर्ज ज्यांचे राहिले त्यांनी सोमवारी एकाच गाडीने तालुक्याला जावं, पेट्रोलचे पैसे वाटून घ्यावेत.