गरम झाल्यावर बिघडणारा सीआरटी मॉनिटर: दोष कसा शोधावा

जुना पिक्चर ट्यूबचा मॉनिटर सुरुवातीला छान चालतो आणि थोड्या वेळाने चित्र आक्रसते, किंवा आधी नाचणारे चित्र तापल्यावर आपोआप स्थिरावते. असा मॉनिटर भंगारात देण्याची घाई करू नका. दोष बहुधा एखाद्या स्वस्त भागात असतो.

मॉनिटर पूर्ण गार असताना सुरू करा आणि दोष किती मिनिटांनी दिसतो ते लिहून ठेवा. तापल्यावर चित्र सुधारत असेल, तर आतला द्रव वाळलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर संशय घ्या; ऊब मिळाली की त्याचा अंतर्गत रोध घटतो. तापल्यावर बिघडत असेल, तर एखादा आयसी किंवा ट्रान्झिस्टर पाहा. ड्राय सोल्डर (तडकलेला किंवा सैल झालेला सोल्डरचा जोड) मात्र दोन्ही प्रकारांत सापडते.

चित्रही बरेच सांगते. पडद्यावर एकच आडवी रेघ उरली तर व्हर्टिकल विभाग, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारे सर्किट (लगेच ब्राइटनेस कमी करा, नाहीतर पडद्याचा चमकणारा थर, म्हणजे फॉस्फर, जळेल). एकच उभी रेघ असेल तर हॉरिझाँटल योकची, म्हणजे ट्यूबच्या मानेवरच्या चित्र आडवे पसरवणाऱ्या गुंडाळीची जोडणी. वरच्या बाजूला चित्राची घडी पडत असेल तर व्हर्टिकल आयसीजवळचा कपॅसिटर. एखादा रंग ये-जा करत असेल तर ट्यूबच्या मानेवरचा नेक बोर्ड.

आता झाकण, पण त्याआधी सुरक्षितता. रंगीत ट्यूबच्या अ‍ॅनोडवर (जाड वायर रबरी टोपीखाली ट्यूबला जिथे जोडलेली असते तिथे) सुमारे २५,००० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते टिकून राहतात. चांगल्या इन्सुलेशनचा पेचकस वायरने ट्यूबमागच्या उघड्या जाळीदार अर्थिंगला जोडा, एक हात पाठीमागे ठेवा आणि टोक रबरी टोपीखाली सरकवा. काही मिनिटांनी पुन्हा करा, कारण ट्यूबमध्ये थोडा चार्ज परत जमतो. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर ३२० व्होल्टच्या आसपास असतात. तो रेझिस्टरमधून उतरवा आणि मीटरने खात्री करा.

मग भिंगातून सोल्डरची बाजू बघा. फ्लायबॅक (हाय व्होल्टेज तयार करणारा ट्रान्सफॉर्मर), हॉरिझाँटल आउटपुट ट्रान्झिस्टर, व्हर्टिकल आयसी आणि योकचा कनेक्टर इथल्या पिनांभोवती बारीक गोल तडे दिसतील. रोज तापून-गार होऊन ते पडतात. जुने सोल्डर काढून नवे भरा. माझ्या मते बाकी काही बदलण्याआधी एवढे कराच. भागांभोवतीचा पिवळा गोंद तपकिरी झाला असेल तर खरवडून काढा. तो वीज वाहू लागतो. हीटसिंकजवळचे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीजवळचे) कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे आणि तेवढ्याच मूल्याचे घाला. व्होल्टेज तेवढेच किंवा जास्त चालेल.

तरीही दोष राहिला तर चालू मॉनिटरवर एकेका भागाला हेअर ड्रायरची ऊब किंवा फ्रीझ स्प्रेचा छोटा फवारा देतात. चित्र ज्या भागाला दाद देते, दोष तिथेच. ट्यूबच्या काचेवर फवारा कधीही मारू नका, ती तडकू शकते. हाय व्होल्टेजची सवय नसेल, तर हे काम जाणकार मेकॅनिककडेच द्या.

शेवटची चाचणी झाकण लावून दोन-तीन तास घ्या. उघडा मॉनिटर तेवढा तापत नाही, त्यामुळे शिल्लक दोष लपून राहतो.