टेस्ट ट्यूब बेबी: पहिल्या इंजेक्शनच्या आधी काय करायचं आणि नंतर काय सांभाळायचं

टेस्ट ट्यूब बेबी म्हणजे आयव्हीएफ: बाईचं बीज आणि नवऱ्याचे शुक्राणू लॅबमध्ये एकत्र करून तयार झालेला गर्भ पिशवीत सोडणं. वर्षभर कोणतंही गर्भनिरोधक साधन न वापरता दिवस राहिले नाहीत तर तपासणी सुरू करावी. बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. तपासणी दोघांची, आणि सोबतच. गावाकडे अजूनही बाईचे चार दवाखाने आणि दोन देवस्थानं झाल्यावर नवऱ्याची पाळी येते. खरं तर वीर्यतपासणी सगळ्यांत स्वस्त आणि बिनदुखण्याची, म्हणून तीच पहिली करा.

त्याआधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरून नेला तर तासाच्या आत, अंगाच्या उबेला. तालुक्याहून नागपूरला बाटली पाठवून भागत नाही. एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाखांहून कमी शुक्राणू म्हणजे संख्या कमी. एकाच रिपोर्टवर निकाल लावू नका, मधल्या काळात जोराचा ताप आला असेल तरी संख्या घसरते. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून खर्रा, बिडी, दारू तीन महिने आधी सुटली पाहिजे. आदल्या आठवड्यात सोडून फरक पडत नाही. फवारणीही या काळात दुसऱ्याकडून करून घ्या. रिपोर्टमध्ये शून्य आलं तरी सगळं संपलं असं नाही. कित्येकदा अंडकोषातून सुईने शुक्राणू काढता येतात.

बाईच्या तपासण्या म्हणजे एएमएच (बीजांचा साठा किती उरला ते सांगणारी रक्ततपासणी), थायरॉइड, सोनोग्राफी आणि नळ्यांचा एक्स-रे. आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे गर्भपिशवीचा टीबी बऱ्याचदा असतो, आणि त्यात खोकला असेलच असं नाही. टीबी निघाला तर आधी त्याचा कोर्स पूर्ण करा. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. नळी पाण्याने फुगलेली असेल तर ते पाणी पिशवीत उतरून गर्भ रुजू देत नाही. यश जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून दुर्बिणीने ती नळी आधी बंद करतात किंवा काढतात. घाईत हे टाळलं की पैसे जातात.

विदर्भात सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी दोघांनी केल्याशिवाय पुढे जाऊच नये. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. हे आधी कळलं तर गर्भ पिशवीत सोडण्यापूर्वी त्याची जनुकीय तपासणी करता येते.

केंद्र निवडताना 2021 च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र पाहायला मागा. लेव्हल 1 च्या केंद्राला आयव्हीएफ करता येत नाही, लेव्हल 2 लागतं. वयाची मर्यादा बाईला 21 ते 50, पुरुषाला 21 ते 55. ‘मुलगाच होईल’ म्हणणाऱ्याकडून तडक उठून या, तो गुन्हा आहे. एका खेपेला साधारण दीड ते अडीच लाख लागतात. इंजेक्शनं, इक्सी (एकेका बीजात सुईने शुक्राणू सोडणं), गर्भ गोठवणं, दरवर्षीचं साठवणभाडं आणि पुढचं ट्रान्सफर (गर्भ पिशवीत सोडणं) यांतलं काय धरलं आहे ते कागदावर लिहून घ्या. वावर गहाण टाकून सगळा पैसा पहिल्याच खेपेत घालू नका, दुसऱ्या ट्रान्सफरपुरता बाजूला ठेवा.

पाळी आली त्याच दिवशी केंद्राला फोन करायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोहोचायचं. गडचिरोलीच्या ज्या गावांत पाळीत बाई कुर्माघरात (गावाकडेच्या वेगळ्या झोपडीत) राहते, तिथे नेमक्या याच दिवशी प्रवास येतो. घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. पुढे 8 ते 12 दिवस रोज, ठरल्या वेळी बीजं वाढवणारं इंजेक्शन. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी असते, त्यामुळे एटापल्ली-धारणीच्या जोडप्याने हे दोन आठवडे शहरात नातेवाइकांकडे काढलेले बरे. पेरणी किंवा कापूस वेचणीचे दिवस टाळून महिना ठरवा.

इंजेक्शनच्या पेनला 2 ते 8 अंश लागतात. बर्फाला थेट चिकटून गोठलं तर औषध वाया जातं, म्हणून फडक्यात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवा. पावडरची इंजेक्शनं जरा सोपी, पण तीही मे महिन्यातल्या 45 अंशांत खोलीत ठेवू नका. उपकेंद्रातला फ्रीज लसींचा असतो, तो मागू नका.

बीजकोश (ज्या पिशव्यांत बीजं वाढतात त्या) 17-18 मिलिमीटरचे झाले की ट्रिगरचं, म्हणजे बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन. इथे घड्याळच सगळं ठरवतं: रात्री 10 ला घेतलं तर बीजं परवा सकाळी 10 च्या आसपास काढतात, 34 ते 36 तासांनी. ट्रिगर उशिरा झाला तर बीजं अपक्व निघतात, काढायला उशीर झाला तर ती आधीच सुटून गेलेली असतात. टोचणारी व्यक्ती आधी ठरवा, आणि बीज काढण्याच्या आदल्या रात्री शहरातच मुक्काम करा. पहाटेच्या एसटीवर विसंबू नका.

बीज काढायला 15-20 मिनिटं लागतात, गुंगी देतात, उपाशीपोटी यावं लागतं. पीसीओएस (बीजांडात खूप छोटे बीजकोश असणं, पाळी अनियमित होणं) असलेल्या बाईने नंतर पोटाकडे लक्ष ठेवावं: पोट फुगणं, दिवसाला किलोभर वजन वाढणं, लघवी कमी होणं, दम लागणं. असं झालं तर त्याच दिवशी केंद्रात जा. म्हणूनच अशा वेळी डॉक्टर सगळे गर्भ गोठवून ट्रान्सफर पुढच्या महिन्यात ढकलतात. त्यात फसवणूक नाही.

10 बीजं निघाली म्हणजे 10 गर्भ नव्हेत. साधारण 8 पक्व असतात, पाच-सहा फळतात, पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन टिकतात. त्यांतला एक, फार तर दोन पिशवीत सोडतात. बाईचं वय पस्तिशीच्या आत असेल तरी निम्म्याहून जास्त ट्रान्सफर फसतात, चाळिशीनंतर स्वतःच्या बीजांवर यश फारच कमी. बऱ्याचदा गर्भाच्याच गुणसूत्रांत दोष असतो. बाई कामाला उठली किंवा एसटीत बसली म्हणून गर्भ पडत नाही, खाटेवर पडून राहिल्यानेही तो जास्त रुजत नाही. प्रोजेस्टेरॉनचा (गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाचा) एकही डोस मात्र चुकवू नका.

घरच्या किटवर लवकर तपासू नका, एचसीजीचा (किट जे संप्रेरक शोधतं त्याचाच) ट्रिगर अंगात असेपर्यंत खोटी रेघ येते. ट्रान्सफरनंतर 10-14 दिवसांनी रक्ताची बीटा एचसीजी करा. ती पॉझिटिव्ह आली तरी दोन-तीन आठवड्यांनी सोनोग्राफी लागतेच, कारण आयव्हीएफमध्येही गर्भ नळीत राहू शकतो. एका बाजूला जोराची कळ, चक्कर किंवा रक्तस्राव झाला तर शहरातल्या केंद्राची वाट न पाहता जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. ट्रान्सफरची तारीख आणि सोडलेल्या गर्भांची संख्या लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवा. तिथल्या डॉक्टरांना आधी तीच दाखवा.