गुप्तरोगाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी भीती जात नाही? या चुका टाळा

डोंबिवलीचा मुलगा तपासणीला ठाण्यात येतो, ठाण्याचा ट्रान्स-हार्बर लोकल पकडून नवी मुंबईला. आपल्या स्टेशनजवळ कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून. कोपरखैरण्याच्या एका लॅबमध्ये मी रक्त घेतो. एकच चेहरा चौथ्यांदा समोर येऊन बसतो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. आधीचे तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह, तरी तो विचारतो, "दादा, मशीन चुकलं नसेल ना?"

मशीनपेक्षा आपली तारीख जास्त चुकते. संबंधानंतर आठव्या दिवशी केलेल्या एचआयव्ही चाचणीवरून काहीच ठरत नाही. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली फोर्थ जनरेशन चाचणी (विषाणूचा अंश आणि अँटिबॉडी दोन्ही शोधणारी) 45 दिवसांनी पक्की धरतात, बोट टोचून केलेली रॅपिड 90 दिवसांनी. सिफिलिसची रक्तचाचणीही 90 दिवसांनी एकदा करून घ्यावी. ही मुदत उलटून निगेटिव्ह आलं आणि मध्ये नवा संबंध आला नसेल, तर तो प्रश्न मिटला. पाचवा रिपोर्ट नवीन काही सांगणार नाही. फक्त पीईपीच्या, म्हणजे धोक्यानंतर एचआयव्ही टाळायला देतात त्या, गोळ्या घेतल्या असतील तर मुदत डॉक्टरांनाच विचारा. या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, त्यामुळे धोका कालचाच असेल तर आधी सरकारी रुग्णालय गाठा, लॅब नंतर.

दुसरी चूक चाचणी निवडण्यात होते. लघवीला जळजळ होतेय आणि हातात रिपोर्ट फक्त एचआयव्हीचा, असं मी खूपदा पाहतो. गनोरिया आणि क्लॅमिडिया हे लैंगिक आजार रक्तात शोधत नाहीत, त्यासाठी लघवीची पहिली धार किंवा स्वॅब घेऊन पीसीआर (जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) करतात. तिथे शंका रास्त आहे, तपासा. उलट हर्पिसची आयजीएम ही अँटिबॉडीची रक्तचाचणी स्वतःहून करू नका. ती भरवशाची नाही, उगाच पॉझिटिव्ह येते आणि माणूस महिनोन्‌महिने झोपत नाही.

शरीर चाचपत बसणं ही सगळ्यात त्रासदायक चूक. मानेतल्या गाठी दिवसातून दहादा दाबल्या की दुखायला लागतात. स्राव येतोय का हे पाहायला लिंग पिळलं की मूत्रमार्ग चिडतो आणि खरोखरच ओलसर काहीतरी दिसतं. अँटिसेप्टिक पाण्याने रोज धुतलं की कातडी लाल होते, सोलवटते. शिश्नमुंडाच्या कडेने एका रांगेत असलेले बारीक पांढरट दाणे बहुतेक वेळा वयात आल्यावर आपोआप आलेले, निरुपद्रवी असतात, फक्त आज मोबाइलचा टॉर्च लावून पाहिले म्हणून दिसले.

आणि आपली हवा विसरू नका. दमट उकाडा, घट्ट जीन्स, गर्दीची लोकल. जांघेतली खाज अनेकदा गजकर्णाची असते. त्यावर मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावलं की दोन दिवस बरं वाटतं आणि मग गजकर्ण पसरत जातं. स्टेशनवरचं शौचालय टाळायला दिवसभर पाणी न पिणारे कितीतरी जण आहेत, त्यांनाही लघवीला जळजळ होते. लिंगाच्या पुढच्या त्वचेला वारंवार भेगा पडत असतील तर साखर तपासा. बायकांना अंगावरून पांढरं जातं त्याचंही कारण बऱ्याचदा बुरशी किंवा जंतूंचा बिघडलेला समतोल असतं, नवऱ्याकडून आलेला आजार नव्हे.

अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने घेऊ नका. आजार अर्धवट दबतो, नंतरची चाचणी फसवी येऊ शकते आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा औषध लागू पडत नाही.

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात जा. तिथल्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, एचआयव्हीची चाचणी आणि समुपदेशन मोफत असतं, आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक आहे. घराबाहेर पडवत नसेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा.

त्या मुलाचं रक्त मी चौथ्यांदा घेतलं नाही. बाजूला बसवून विचारलं, नेमकं होतंय काय? लग्न ठरलं होतं, एका रात्रीची गोष्ट मनातून जात नव्हती आणि जांघेत खाज होती. त्वचारोगतज्ज्ञांनी गजकर्ण म्हणून महिनाभर औषध दिलं. खाज गेली. भीतीला जास्त वेळ लागतोय, त्यासाठी तो टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोलतो.