पूलमधला पातळ कट : या चुका टाळा

पूल हा क्यूने, म्हणजे काठीने, पांढरा बॉल मारून रंगीत बॉल टेबलाच्या पॉकेटमध्ये पाडण्याचा खेळ; त्यात पांढरा बॉल रंगीत बॉलच्या कडेला निसटता लावून त्याला बाजूला वळवणे म्हणजे पातळ कट. तो हुकला की नवशिका खेळाडू क्यूच्या टोकाला, टेबलाच्या कापडाला आणि शेवटी नशिबाला दोष देतो. पण बॉल नेमका कोणत्या बाजूने हुकला, हे विचारले तर त्याला सांगता येत नाही. मी पाहिलेले असे बहुतेक शॉट जाड लागून हुकतात, म्हणजे पांढरा बॉल हवा त्याहून भरीव लागतो आणि रंगीत बॉल पुरेसा न वळता पॉकेटशेजारच्या कुशनवर (टेबलाच्या रबरी काठावर) आपटतो.

याचे मूळ नेम कुठे धरला यात आहे. पॉकेटच्या रेषेत मागे उभे राहून रंगीत बॉलवरचा स्पर्शबिंदू शोधायचा, इथपर्यंत बहुतेकांचे बरोबर असते. नंतर मात्र ते क्यू थेट त्याच बिंदूवर रोखतात. पूलचा बॉल ५७ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि टकरीच्या क्षणी पांढऱ्या बॉलचे केंद्र स्पर्शबिंदूपासून अर्धा व्यास दूर असते, त्यामुळे ते केंद्र बिंदूवर पोहोचण्याआधीच भलत्या ठिकाणी टक्कर होते. ७५ अंशांचा कट, म्हणजे रंगीत बॉल पांढऱ्याच्या मार्गापासून ७५ अंश वळवणारा शॉट, मारायला गेलेल्याला अशा नेमाने जेमतेम ३० अंशांचा कट मिळतो. खरे तर या शॉटसाठी क्यूची रेषा रंगीत बॉलच्या कडेच्याही अडीच सेंटीमीटर बाहेरून जायला हवी, आणि टकरीच्या वेळी पांढरा बॉल रंगीत बॉलचा फक्त २ मिलिमीटर भाग झाकणार असतो. मोकळ्या कापडाकडे रोखलेला क्यू पाहून मन कचरते, बॉल लागलाच नाही तर फाउल होऊन प्रतिस्पर्ध्याला बॉल इन हँड (पांढरा बॉल हवा तिथे ठेवून खेळण्याची मुभा) मिळेल ही धास्ती असतेच, आणि शेवटच्या क्षणी मनगट नकळत आत वळते.

मी सरावात एक जादा बॉल पॉकेटच्या रेषेत रंगीत बॉलला चिकटवून ठेवतो, खाली वाकून त्याचे केंद्र कुठे दिसते ते पाहतो, तो उचलून घेतो आणि मग त्या रिकाम्या जागेवरची नजर हलू देत नाही. शिकणाऱ्यांना मी आधी मुद्दाम पातळ बाजूने हुकायला लावतो. पांढरा बॉल रंगीत बॉलला न लागता निघून गेला तरी चालेल. हे कंटाळवाणे वाटणारे लोक अर्धा बॉल, पाव बॉल (पांढरा रंगीत बॉलचा किती भाग झाकेल) अशी तयार मापे पाठ करतात, पण पाव बॉलचा कट ४९ अंशांपाशीच संपतो आणि खरी अडचण त्यापुढे सुरू होते.

दुसरी चूक जोराची आहे, आणि तिच्यापायी जिंकलेले डाव गेलेले मी पाहिले आहेत. एका दुहेरी सामन्यात माझ्या जोडीदारासमोर फक्त डाव जिंकून देणारा ८ नंबरचा बॉल उरला होता आणि कट चांगलाच पातळ होता. ‘हळू मारला तर पोहोचणार नाही’ असे म्हणत त्याने पूर्ण ताकदीने मारले. ८ नंबरचा बॉल पॉकेटमध्ये स्वच्छ पडला, जोडीदार हात मिळवायला वळलासुद्धा. तेवढ्यात पांढरा बॉल दोन कुशन घेऊन पलीकडच्या कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये गेला. पांढरा पॉकेटमध्ये पडणे हा फाउल, आणि ८ नंबर पडलेल्या शॉटमध्येच फाउल म्हणजे डाव प्रतिस्पर्ध्याचा. त्यानंतर तो बराच वेळ टेबलाच्या उताराबद्दल बोलत होता.

टेबलाला उतार मुळीच नव्हता. ७५ अंशांच्या कटात रंगीत बॉलला पांढऱ्याच्या वेगाचा साधारण चौथा हिस्सा मिळतो, तर पांढऱ्याचा वेग जवळजवळ तसाच राहतो आणि त्याची दिशा अवघ्या १५ अंशांनी बदलते. पांढऱ्याच्या वरच्या किंवा खालच्या भागावर मारून हा मार्ग फारसा बदलता येत नाही, म्हणून हातात उरतो तो वेग. मी वाकण्याआधी पांढरा कोणत्या कुशनवर जाईल हे ठरवतो आणि तो मार्ग एखाद्या पॉकेटकडे जात असेल तर शॉटच बदलतो.

बाहेरची साइड (रंगीत बॉल जिकडे वळणार त्याच्या विरुद्ध बाजूला पांढऱ्यावर मारून दिलेली फिरकी) दिली की बॉल सहज कापला जातो, हा सल्ला नवशिक्यांनी तरी विसरावा. इतक्या पातळ स्पर्शात दोन बॉलमधल्या घर्षणाने रंगीत बॉलची दिशा मुळातच फारशी बिघडत नाही. उलट साइडमुळे पांढरा बॉल क्यूच्या रेषेवरून सरकतो, आणि दिशेतली चूक इथे सरळ शॉटच्या जवळजवळ चौपट होऊन बाहेर पडते.

शॉट संपेपर्यंत डोके वर उचलू नये. बॉलवर खडूचे डाग असतील तर पुसून घेण्याची परवानगी मागावी. बॉल कुशनला चिकटलेला असेल तर पांढरा बॉल कुशनला आणि त्या बॉलला एकाच वेळी लागेल असा नेम धरावा. किंचित कुशन आधी लागले तरी निभावते, बॉल आधी जाड लागला तर निभावत नाही.

काही उत्साही मंडळी ९० अंशांपलीकडचा कटही मारायला वाकतात. तो सरळ मार्गाने होतच नाही, त्यामुळे पॉकेट, रंगीत बॉल आणि पांढरा बॉल यांच्या रेषा उभ्यानेच एकदा पाहून घ्याव्यात आणि कोन ८० च्या पुढे जात असेल तर पांढरा बॉल लपवून सेफ्टी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला सोपा शॉट न देणारी बचावाची चाल, खेळावी.