पालिकेच्या शाळेतली समिती खरोखर कशी चालवायची, आपल्या खान्देशातल्या पालकांसाठी

जूनमध्ये शाळा उघडली की आमच्या गल्लीत दोनच विषय असतात, पाऊस कधी येतो आणि पोरगं कुठं टाकायचं. ज्यांना फी परवडते ते इंग्लिश मीडियमला जातात, काहींचा आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळेत राखलेल्या फुकट जागांच्या) २५ टक्क्यांत नंबर लागतो (२०२४ मध्ये सरकारी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी शाळांना त्यातून सूट द्यायचा प्रयत्न झाला होता, हायकोर्टाने जुलैत तो रद्द केला, म्हणून ती वाट अजून उघडी आहे), आणि उरलेले आपण, चटई कंपनीवाले, दालमिलवाले, रिक्षावाले, लोटगाडीवाले, पालिकेच्या शाळेत. मग वर्षभर त्या शाळेच्या नावाने बोटं मोडायची. मी बी मोडली आहेत.

माझं नाव शाळा व्यवस्थापन समितीत आहे हे मला कधी कळलं माहितीये का, शिपाई रजिस्टर घेऊन सहीला घरी आला तेव्हा. रजिस्टरमध्ये तीन मीटिंगा झालेल्या होत्या, तिन्हींना मी हजर होतो, एका ठरावाला तर अनुमोदक होतो भो! बायको म्हणे, सही करून टाका, कशाला वाकडं घ्यायचं. मी केली नाही, रजिस्टर तिथेच ओट्यावर बसून पूर्ण वाचलं, आणि पुढचं जे काय सांगतोय ते त्या दिवसापासून शिकेल आहे.

आधी कायदा, थोडक्यात, कारण तो पाठ असला की समोरचा नीट बोलतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्याचं कलम २१. प्रत्येक सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळेत समिती पाहिजे, तिच्यात ७५ टक्के पालक पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया पाहिजेत. अध्यक्ष पालकांतूनच होतो, मुख्याध्यापक सचिव असतो, मुदत दोन वर्षं, आणि मीटिंग दर महिन्याला. या समितीचं काम तीन ओळींचं आहे, शाळेवर लक्ष ठेवणं, शाळेला आलेल्या पैशाचा खर्च पाहणं आणि शाळेचा विकास आराखडा बनवणं. झेंडावंदनाला नारळ फोडणं त्यात कुठेच नाही.

समितीत शिरायचं कसं? पालकसभेत निवड होते, आणि पालकसभेला कोणी येत नाही, म्हणून हेडमास्तर सर ओळखीची नावं टाकतात, त्यांचा तरी काय दोष. तुम्ही फक्त तुमच्या गल्लीतल्या सात-आठ जणी घेऊन त्या दिवशी जा. जणीच म्हणतोय, कारण बापांपैकी अर्धे कामावर असतात आणि उरलेल्यांना सभेत राजकारण सुचतं. पण एक लक्षात ठेवा, बाईचं नाव आणि मीटिंगला नवरा, हा प्रकार पहिल्याच दिवशी बंद करा. आमच्याकडे एक ताई होत्या, मेस चालवतात, शाळा फक्त चौथीपर्यंत शिकलेल्या. पहिल्या दोन मीटिंगा एक शब्द बोलल्या नाहीत. तिसऱ्या मीटिंगला खिचडीच्या तांदळाचा हिशोब निघाला आणि त्यांनी तोंडीच सांगितलं की इतक्या पोरांना इतका तांदूळ लागतो, हा आकडा काय लिहेल आहे मग? सगळे गप.

मीटिंगची वेळ हा निम्मा खेळ आहे. दुपारी बाराला ठेवली की फक्त रिटायर माणसं येतात. संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी सकाळी ठेवा. मार्च-एप्रिलात शाळा सकाळची असते आणि ऊन तुम्हाला माहितीच आहे, पंचेचाळीसच्या पाऱ्यात पत्र्याखाली कोणी बसत नाही. कानबाईच्या आठवड्यात ठेवू नका, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तर बिलकुल नाही, बाया माहेरी असतात.

आता पहिल्या मीटिंगला काय करायचं. भांडायचं नाही. तीन कागद मागायचे.

एक, यूडायसचा रिपोर्ट. प्रत्येक शाळेला ११ आकडी यूडायस नंबर असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो, आणि तो टाकला की शाळेची माहिती मोबाईलवर बी दिसते. पोरं किती, शिक्षक किती, संडास किती, वाचनालय आहे का, सगळं त्यात भरेल असतं. ते वाचत वाचत शाळेत फिरा. आमच्या कागदावर मुलींचे दोन संडास चालू होते. प्रत्यक्षात एकाला कुलूप आणि दुसऱ्यात तुटलेले बेंच कोंबेल. कागदावर "चालू" लिहेल असेल तर दुरुस्तीला पैसे कोण देणार, तुम्हीच सांगा. म्हणून पहिला ठराव हा झाला की पुढच्या वर्षीची माहिती भरण्याआधी समितीला दाखवायची.

दुसरा कागद कॅशबुक आणि पासबुक. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला संयुक्त अनुदान असतं आणि ते पटावर ठरतं, ३० पर्यंत पोरं असली तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार, त्याच्या वर एक लाख. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. रक्कम काही मोठी नाही, लाईट बिल, खडू, नळाची तोटी, झालं. ती बी बऱ्याचदा हप्त्यांनी आणि उशिरा येते आणि मग मार्चमध्ये धावपळ करून काहीतरी विकत घेतलं जातं, आमच्याकडे एका वर्षी चार भिंतीवरची घड्याळं आली, वर्गखोल्या तीन. म्हणून पैसे यायच्या आधीच, जुलै-ऑगस्टमध्ये, काय घ्यायचं याची यादी ठरावात लिहून ठेवा. गणवेशाचं बी तसंच, दोन जोडीचे पोरामागे ६०० रुपये. मध्ये २०२४ ला राज्यभर एकच गणवेश वरून द्यायचं ठरलं होतं, मापाचे आणि उशिराचे इतके घोळ झाले की ते काम पुन्हा समितीकडेच आलं. गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बायांना द्या, माप पोरांच्या अंगावर घेतलं जातं आणि पैसे बी गल्लीतच राहतात.

तिसरा कागद म्हणजे संचमान्यता, आणि हा कोणीच मागत नाही. शाळेला शिक्षक किती मंजूर ते या कागदावर असतं. पहिली ते पाचवीला साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार, असा हिशोब कायद्याच्या परिशिष्टात आहे, आणि कलम २६ म्हणतं की मंजूर पदांपैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त पदं रिकामी ठेवता येत नाहीत. आता गंमत अशी की मंजुरी ३० सप्टेंबरच्या पटावर होते, आणि आधार जुळलेलीच पोरं धरली जातात. आपल्याकडे काय होतं, एखादं कुटुंब सुरतला निघून जातं, एखाद्याच्या आधारवर जन्मतारीख चुकेल असते, एखादीचं आडनाव वेगळं लागेल असतं, अशी सहा-सात पोरं गळाली की पट ९४ चा ८८ होतो आणि एक शिक्षक गेला. अख्ख्या वर्षासाठी. म्हणून ऑगस्टमध्ये एक रविवार काढा, वर्गशिक्षकाकडून आधार न जुळलेल्या पोरांची यादी घ्या आणि घरोघरी जाऊन त्या मायबापांना आधार सेंटरला पाठवा. आमच्या समितीने दोन वर्षांत जे काय केलं त्यातलं सगळ्यात फायद्याचं काम हेच, आणि त्यात भाषण एकही नव्हतं.

शिक्षक वर्गात नसतात ही तक्रार येईलच. आधी विचारा की गेले कुठे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं कायद्याने शिक्षकाला देता येतात (कलम २७), त्यामुळे बीएलओच्या (बूथवरच्या मतदार यादीच्या) ड्यूटीवरून सरांशी वाद घालून उपयोग नाही. पण मतदार यादीचं काम सुट्टीच्या दिवशी किंवा शिकवण्याची वेळ सोडून करून घ्यावं असं सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच सांगेल आहे. हे पत्रात लिहा, सरांच्या बाजूने लिहा. ज्या दिवशी समितीने शिक्षकांच्या बाजूने पहिलं पत्र टाकलं त्या दिवसापासून आमचे हेडमास्तर सर मला "या आप्पा" म्हणायला लागले, त्याआधी मी दिसलो की त्यांना फोन यायचा.

खिचडीचं फार लिहीत नाही. पोरांना वाढण्याआधी चव घेऊन रजिस्टरमध्ये लिहायचं असतं, समितीतल्या आयांनी आळीपाळीने न सांगता जायचं आणि खाऊन बघायचं. पहिली ते पाचवीच्या पोरामागे १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. वजनकाटा घरचा न्या.

आता मुख्य. पोरांना वाचता येतं का? नळ, संडास, पंखे यात अडकून आपण हे विसरतो, आम्ही बी पहिलं वर्ष विसरलो. पोरांचं वाचन-गणित तपासणारा असरचा सर्व्हे दरवेळी पेपरात येतो पण ते लोक गावांमध्ये फिरतात, शहरात नाही, त्यामुळे आपल्या वॉर्डातलं आपणच बघायचं. पद्धत सोपी आहे. दुसरीच्या पुस्तकातला एक परिच्छेद घ्या, तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक पोराला एकेकटं बसवून वाचायला लावा, अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, कुठपर्यंत आलं तेवढं लिहा. नाव वर्गात वाचून दाखवायचं नाही, मार्क द्यायचे नाहीत. आणि पोराला त्याच्या बोलीत बोलू द्या. घरात अहिराणी नाहीतर पावरी बोलणारं पोर "शाळा"ला "शाया" म्हणेल, ती वाचनातली चूक धरायची नाही, हे मला एका तरुण मॅडमने समजावलं, मी तर चूक धरून बसलो होतो. उर्दू शाळा असेल तर उर्दू वाचणारी पालक बघा, मिळते. आमच्या चौथीच्या वर्गातल्या एकवीस पोरांपैकी नऊ जणांना परिच्छेद आला. हा आकडा मीटिंगमध्ये सांगितला तेव्हा कोणी कोणावर ओरडलं नाही, मला वाटलं होतं भांडण होईल. चौथीच्या मॅडमनीच सांगितलं की दुपारच्या सुट्टीनंतरचा पाऊण तास फक्त वाचनाला ठेवते, तुम्ही दोन आया मदतीला पाठवा. चार महिन्यांनी पुन्हा तेच मोजा, तोच परिच्छेद नको, दुसरा घ्या, पोरं पाठ करतात.

जे काम शाळेच्या हातात नाही, म्हणजे शिक्षक, छत, पाण्याची लाईन, कंपाउंड, त्यासाठी वर जावं लागतं. इथेच लोक चुकतात, थेट व्हिडिओ काढून टाकतात. व्हिडिओने दोन दिवस गाजतं, नोटीस हेडमास्तरला निघते आणि छत तसंच गळतं. रस्ता असा आहे, समितीचा ठराव करा, सूचक-अनुमोदकाच्या नावासकट, त्याची प्रत जोडून पालिकेच्या शिक्षण विभागातल्या प्रशासन अधिकाऱ्याला पत्र द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. "ठेवून जा, साहेब आल्यावर देतो" म्हटलं तर बाकड्यावर बसा. पत्रात कलम ३२ लिहा, त्या कलमाखाली लेखी तक्रारीचा निकाल स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत द्यायचा असतो, नाही दिला किंवा पटला नाही तर राज्य बाल हक्क आयोगाकडे अपील. उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकार, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, तीस दिवस. "आमच्या अमुक आवक नंबरच्या पत्रावर काय कार्यवाही झाली" एवढंच विचारा. मोठमोठे प्रश्न विचारले की मोठमोठी टाळाटाळ मिळते.

आणि वेळ साधा. पालिकेचं बजेट मार्चच्या आत ठरतं. शाळेचा आराखडा, तीन वर्षांचा असतो तो, डिसेंबरपर्यंत तयार करून जानेवारीत देऊन टाका, मे महिन्यात छताचं पत्र घेऊन गेलात तर तो माणूस प्रेमाने सांगेल की यंदाची तरतूद संपली दादा. नगरसेवक समितीत असतो, त्याला बोलवा, फोटो काढू द्या, पण अध्यक्ष त्याच्या माणसाला करू नका.

राहिलं ते रजिस्टर. सगळं त्याच्यावर उभं आहे. मीटिंग चालू असतानाच लिहा, घरी नेऊन नंतर नाही, तारीख आणि वेळ पेनाने, हजर माणसांच्या सह्या शेवटच्या ओळीच्या लगेच खाली, पानाचा मोबाईलवर फोटो सगळ्यांच्या ग्रुपवर तिथल्या तिथे. आणि सह्यांखाली पान रिकामं राहिलं तर त्यावर तिरपी रेघ मारा, रिकाम्या जागेत नंतर मीटिंगा होतात.