दोन सारख्या तपकिरी छटांतून एक कशी निवडावी

शेडकार्डावर शेजारी असलेल्या दोन तपकिरी छटा दुकानातील ट्यूबलाइटखाली जवळजवळ एकच भासतात. भिंतीवर मात्र एक विटकरीकडे झुकते, तर दुसरी मातकट होते. तपकिरी हा मुळात गडद झालेला नारिंगी असल्यामुळे त्यात लाल, पिवळा किंवा काळा किंचित वाढला तरी छटेचा स्वभाव पालटतो. हा आत दडलेला रंग ओळखणे हेच तुलनेचे खरे काम आहे.

त्यासाठी प्रथम दोन्ही पट्ट्या कोऱ्या पांढऱ्या कागदावर एकमेकींना भिडवून दिवसाच्या उजेडात पाहाव्यात. एकटी पाहिलेली छटा नुसती तपकिरी वाटते; जोडीने पाहिली की तांबूस कोणती आणि करडी कोणती, हे लगेच उमगते.

नंतर दोन्ही रंगांचे लहान डबे आणून २ फूट बाय २ फुटांच्या प्लायच्या तुकड्यांना प्रायमर लावावा आणि कडेपर्यंत रंगाचे दोन हात द्यावेत. पांढरी चौकट सोडू नये, कारण पांढऱ्याच्या शेजारी तपकिरी आहे त्याहून गडद दिसतो. चमक दोन्हींची सारखीच ठेवावी. ओल्या रंगावर निर्णय घेऊ नये, तो एक दिवस पूर्ण वाळू द्यावा.

मग हे तुकडे खोलीत भिंतीभिंतीला उभे करून पाहावेत. लातूरच्या आमच्या घरात करडी शहाबादी फरशी आणि सागवानी दार आहे. सकाळी दोन्ही तुकड्यांत फारसा फरक जाणवला नाही. पण चारनंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आले, तशी तांबूस छटा सागवानात मिसळून दारच भिंतीत हरवले, तर करडी छटा फरशीशी जुळली आणि दार उठून दिसले. आम्ही करडीच घेतली. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी दारे-खिडक्या लावून पडदे ओढले जातात, त्या अंधुक उजेडातही तुकडे अवश्य पाहावेत. गडद तपकिरी तेव्हा काळपट होतो.

रात्री ६५०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप) पांढऱ्या एलईडीखाली तांबूसपणा मावळतो आणि २७०० ते ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तोच उफाळून येतो. म्हणून दिवे बदलायचे असतील, तर ते आधी बदलावेत.

निवडलेल्या छटेचा कोड आणि रंगाचा प्रकार तुकड्याच्या पाठीमागे लिहून तो माळ्यावर जपून ठेवावा. पुढे एखादा कोपरा खरवडला गेला, तर दुकानदाराला तोच दाखवता येतो.